उडती यारी आणि ओझ्याचे शहाणपण

९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळालीला, जिथे आपल्या लष्कराच्या तोफखान्याचे शिक्षण दिले जाते तिथे, दोन नव्या प्रकारच्या तोफा सैन्यात समारंभपूर्वक दाखल झाल्या. तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन त्या वेळी उपस्थित होत्या. दोन्ही तोफांच्या नळीचा व्यास सारखाच, १५५ मिलिमीटर. बाकी मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिली 'के-९ वज्र'. ही रणगाड्यासारखी पोलादी पट्ट्यांवर स्वतः धावते, अंगावर चिलखत घालते आणि तिचे वजन ५० टनांच्या घरात जाते. दुसरी 'एम-७७७'. हिला चिलखत नाही, स्वतःचे इंजिन नाही. दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावे तेव्हा ही जागची हलते. वजन सुमारे ४.२ टन.

या दोघींतली बलवान कोण, असे विचारले तर बहुतेक जण पहिलीकडे बोट दाखवतील. मैदानी मुलखात ते बरोबरही आहे. परंतु जिथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथे पहिली तोफ पायथ्याशीच थांबते. दुसरी मात्र हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लोंबकळत डोंगरमाथ्यावर जाऊन बसू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजस्थानातील पोखरण येथे झालेल्या 'वायुशक्ती' या सरावात वायुदलाच्या 'चिनूक' हेलिकॉप्टरने ही तोफ अशीच टांगून नेऊन दाखवली.

अवजड ओझी उचलणाऱ्या हेलिकॉप्टरांविषयी आपल्याकडे पुष्कळ कौतुकाने लिहिले-बोलले जाते. कौतुक अनाठायी नाही. पण त्या कौतुकात एक गोष्ट निसटते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. उचलणाऱ्या यंत्राची थोरवी आपण गातो, परंतु ओझे कसे असावे याचा विचार करीत नाही. खरे शहाणपण या दुसऱ्या विचारात आहे, हे या लेखात मांडायचे आहे. त्यासाठी आधी हे यंत्र काय आहे ते पाहू.

यारी म्हणजे क्रेन. बंदरात आणि मोठ्या बांधकामावर ती असते. हीच यारी हवेत उडू लागली तर? ही कल्पना इगोर सिकोर्स्की या विमानविद्यातज्ज्ञाने उचलून धरली. त्याच्या कंपनीचे 'एस-६४' हे यंत्र ९ मे १९६२ रोजी प्रथम उडाले. लष्करी नाव 'सीएच-५४'. हे हेलिकॉप्टर पाहिले की हसू येते. पुढे वैमानिकांची छोटी खोली, मागे लांबलचक कणा, वर इंजिने आणि पंखा. पोट असे नाहीच! जिथे पोट असायचे तिथे मोकळी जागा आणि ओझे लटकवायचा आकडा. वैमानिकांच्या खोलीत एक आसन चक्क मागे तोंड करून बसवलेले, म्हणजे त्या जागी बसणाऱ्याला ओझे डोळ्यांसमोर दिसावे. उचलशक्ती सुमारे ९ टन. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने या यंत्रांनी तोफा, बुलडोझर आणि पडलेली विमानेसुद्धा उचलून आणली.

युद्धाबाहेरही या यंत्राने नाव काढले. कॅनडातील टोरांटो शहराच्या प्रसिद्ध 'सीएन टॉवर'च्या टोकावर १०२ मीटर उंचीचा आकाशक बसवायचा होता. नेहमीच्या यारीने हे काम व्हायला सहा महिने लागले असते. १९७५ साली 'ओल्गा' या टोपणनावाच्या एस-६४ हेलिकॉप्टरने ते साडेतीन आठवड्यांच्या आसपास उरकले. कसे? आकाशकाचे ४४ तुकडे केले होते आणि सर्वांत जड तुकडा ८ टनांच्या आसपास होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आता थोडे गणित करू. हेलिकॉप्टर हवेत टिकते ते हवा खाली ढकलून. न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला पाठ आहेच. पंखा हवेला खाली लोटतो आणि हवा पंख्याला वर लोटते. आज नियमित वापरातल्या हेलिकॉप्टरांत सर्वांत मोठे रशियन बनावटीचे 'एमआय-२६'. ते १९७७ साली प्रथम उडाले. त्याच्या पंख्याला आठ पाती असून व्यास ३२ मीटर आहे, म्हणजे फिरताना तो सुमारे ८०० चौरस मीटरचे वर्तुळ व्यापतो. पूर्ण भरल्यावर वजन ५६ टन. एवढे वजन एका जागी तोलून धरायचे तर पंख्यातून दर सेकंदाला सुमारे १६ टन हवा खाली जावी लागते, आणि त्या हवेचा वेग पंख्याखाली वाढत वाढत सेकंदाला ३४ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी १२० किलोमीटरपर्यंत जातो. वाऱ्याचे वस्तुमान गुणिले वेग हा गुणाकार करून पाहा. ५६ टन वजनाइतका जोर बरोबर निघतो.

या वाऱ्याला गती देण्यासाठीच साडेबारा हजार अश्वशक्ती खर्च होते. एमआय-२६ ची दोन इंजिने मिळून २२,८०० अश्वशक्ती देतात. उरलेल्या शक्तीतली काही पात्यांचे हवेशी होणारे घर्षण आणि शेपटीचा पंखा यांत जाते, आणि काही अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावी लागते. अडचणीची वेळ म्हणजे मुख्यतः उष्णता आणि उंची.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर चढतो हे आपल्याला सांगायला नको. १५ अंश तापमानाच्या हवेपेक्षा ही तापलेली हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. पंखा तोच, पण त्याच्या हाती येणारी हवा कमी. इंजिनालाही श्वासाला हवा कमी मिळते. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणून जाहिरातीत '२० टन उचलतो' असे लिहिलेले असले तरी विचारायचे, 'कुठे? किती उष्णतेत? किती इंधन घेऊन?' या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो आकडा अर्धवट समजावा.

आणखी एक अडचण दोराची. लोंबकळणारे ओझे म्हणजे एक लंबकच. २५ मीटर लांबीच्या दोराला टांगलेल्या ओझ्याचा एक झोका पुरा व्हायला सुमारे १० सेकंद लागतात. वाऱ्याने किंवा वेगाने हा झोका वाढत गेला तर ओझेच हेलिकॉप्टरला ओढू लागते. मग दोर सोडून देण्यावाचून वैमानिकापुढे मार्ग राहत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी उत्तराखंडात केदारनाथहून एक नादुरुस्त हेलिकॉप्टर एमआय-१७ हेलिकॉप्टरला टांगून आणले जात असताना नेमके हेच घडले. तोल जाऊ लागल्याने ते ओझे वाटेत दरीत सोडून द्यावे लागले.

मग यावर उपाय काय? पुष्कळांना पहिला सुचतो तो 'आणखी मोठे हेलिकॉप्टर!' हा मार्ग सोव्हिएत संघाने चोखाळून पाहिला आहे. 'व्ही-१२' नावाच्या त्यांच्या महाकाय यंत्राला दोन्ही बाजूंना एकेक असे ३५ मीटर व्यासाचे दोन पंखे होते. ६ ऑगस्ट १९६९ रोजी त्याने ४० टनांहून अधिक ओझे २,२५५ मीटर उंचीवर नेले. हा विक्रम आजवर मोडलेला नाही. पण अशी यंत्रे दोनच बनली आणि सैन्यात एकही गेले नाही. ज्या अवजड क्षेपणास्त्रांच्या वाहतुकीसाठी ते आखले होते, ती गरजच मधल्या काळात उरली नाही. विक्रम राहिला, यंत्र संग्रहालयात गेले.

यामागे निसर्गाचा एक नियमही आहे. वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट होते. पंख्याचे वर्तुळ हे क्षेत्रफळ, आणि यंत्राची हाडे म्हणजे वजन. म्हणून यंत्र जसजसे वाढवावे तसतसे ते स्वतःलाच अधिकाधिक उचलत बसते. एमआय-२६ चे रिकामे वजन २८ टन आहे. म्हणजे २० टन माल उचलण्यासाठी ते आधी स्वतःचे २८ टन उचलते, शिवाय इंधन वेगळेच.

आता आपल्या मराठवाड्यातले एक उदाहरण घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी आटले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. आरंभी १० वाघिणींची गाडी आली, मग ५० वाघिणींची, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन. हेच पाणी हेलिकॉप्टरने आणले असते तर? २५ लाख लिटर म्हणजे २,५०० टन. एमआय-२६ ला त्यासाठी १२५ खेपा कराव्या लागल्या असत्या. मिरज ते लातूर हवाई अंतर २७० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सव्वादोन तास धरा आणि तासाला सुमारे ३ टन इंधन धरा. एका खेपेत २० टन पाणी आणायला सहा ते सात टन इंधन जळाले असते. एका आगगाडीचे काम करायला साडेसातशे टनांहून अधिक इंधन! हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. जिथे रूळ आहेत, सडक आहे, नळ टाकता येतो, तिथे उडत्या यारीचे नावही काढू नये.

मग तिचे नाव काढायचे कुठे? जिथे शेवटचे पाच-दहा किलोमीटर वाटच नाही तिथे. मे २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात मोठा भूकंप झाला. डोंगर कोसळून नदी अडली आणि तांगजियाशान येथे दरडीमागे प्रचंड तलाव साठू लागला. तो फुटला असता तर खालची वस्ती वाहून गेली असती. तिथे जायला रस्ता उरला नव्हता. तेव्हा एमआय-२६ ने माती खोदणारी अवजड यंत्रे एकेक करून त्या दरडीवर नेऊन ठेवली, त्यांनी चर खणला आणि पाणी आटोक्यात वाहू दिले गेले. असे काम दुसऱ्या कुठल्याही वाहनाने झाले नसते.

आपल्या महाराष्ट्रातही अशी वेळ आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. खोदणारी यंत्रे पायथ्याशी थांबली आणि बचाव पथकांचे जवान व स्वयंसेवक भर पावसात चिखलाची वाट चढून गेले. त्यांना कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. मुंबईला वायुदलाची दोन हेलिकॉप्टरे सज्ज होती, पण पावसाने आणि ढगांनी ती उडू शकली नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली.

या प्रसंगातून काहीजण असा निष्कर्ष काढतील की, महाराष्ट्रालाही चिनूक किंवा त्याहून मोठे हेलिकॉप्टर हवे. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. त्या दिवशी सर्वांत मोठे हेलिकॉप्टर दारात उभे असते तरी ढगांनी तेही अडवले असते. हेलिकॉप्टर उडाले असते असे धरले, तरी पुढचा प्रश्न राहतोच, की त्याने काय न्यायचे? आपल्या गावोगावी दिसणारा जेसीबी सात-साडेसात टनांचा असतो. वायुदलाकडे मोठ्या संख्येने असलेले एमआय-१७ हेलिकॉप्टर चार टनांच्या आसपास ओझे नेते. त्याला तो झेपणार नाही. मात्र दीड ते तीन टनांची छोटी खोदणारी यंत्रे बाजारात मिळतात, आणि ती एमआय-१७ ला झेपतात. त्यांचे सुटे होणारे भाग आधीच ठरवून, खुणा करून ठेवले, उचलायच्या कड्या आधीच बसवून ठेवल्या, तर हवामान खराब असतानाही काही भाग माणसांना खांद्यावरून चढवता येतील. म्हणजे प्रश्न 'किती मोठा उचलणारा' एवढाच नाही. 'ओझे उचलण्याजोगे आहे काय' हा प्रश्न त्याच्याइतकाच मोठा आहे, आणि तो संकट येण्याआधी विचारायचा आहे.

लष्कराला हे शहाणपण जुने आहे. पूर्वी पहाडी तोफखान्याच्या तोफा मुद्दाम सुट्या होणाऱ्या बनवीत. नळी एका खेचरावर, गाडा दुसऱ्यावर, चाके तिसऱ्यावर, आणि माथ्यावर गेल्यावर सगळे पुन्हा जोडायचे. खेचर किती वाहू शकते हे आधी पाहून मग तोफ आखली जाई. एम-७७७ त्याच परंपरेतली. १९८० च्या दशकात आपण घेतलेली १५५ मिलिमीटरची बोफोर्स तोफ सुमारे १२ टनांची होती. त्याच व्यासाची तोफ ४.२ टनांवर आणण्यासाठी पोलादाऐवजी जागोजागी टायटॅनियम वापरले. त्याची घनता पोलादाच्या ६० टक्क्यांहूनही कमी आहे. तोफ १२ टनांचीच ठेवून ती वाहणारे हेलिकॉप्टर शोधत बसले असते तर चिनूकही अपुरे पडले असते, कारण त्याची उचलशक्ती ११ टनांच्या आसपास आहे, आणि हिमालयातल्या विरळ हवेत ती आणखी घटते. ओझे तिपटीने हलके केले आणि काम साधले. टोरांटोच्या आकाशकाचे ४४ तुकडे आठवतात ना? तिथेही विजय एकट्या हेलिकॉप्टरचा नव्हता. आकाशक कुठे तोडावा आणि कसा जोडावा हे आधी ठरवणाऱ्या अभियंत्यांचाही तो विजय होता.

या मतावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि ते दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला, हलकेपणा फुकट मिळत नाही. टायटॅनियम महाग असते. शिवाय तोफ हलकी केली की गोळा सुटताना ती अधिक उसळते, कारण धक्का तेवढाच आणि वस्तुमान कमी. म्हणून तिचे पाय जमिनीत रोवण्याची आणि धक्का जिरवण्याची व्यवस्था अधिक कौशल्याने करावी लागते. हे खरे आहे. पण हा खर्च एकदा करावा लागतो, आणि जड तोफ वाहण्याचा खर्च प्रत्येक खेपेला. दुसरा आक्षेप असा की, काही वस्तू हलक्या करताच येत नाहीत. वीज केंद्रातला मोठा ट्रान्स्फॉर्मर किंवा नादुरुस्त होऊन डोंगरात अडकलेले आख्खे यंत्र तोडून कसे आणणार? हेही खरे. म्हणूनच अवजड हेलिकॉप्टरे नकोत असे हा लेख म्हणत नाही. थोडी असावीत, पण ती चालू स्थितीत असावीत.

'चालू स्थितीत' या शब्दांवर मुद्दाम भर दिला आहे. आपल्या वायुदलाने एमआय-२६ हेलिकॉप्टरे १९८६ साली चंदीगडच्या तळावर आणली. संख्येने मोजकीच. सैन्याच्या वाहतुकीत आणि आपत्तीत त्यांनी मोलाची कामे केली. २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी अवजड यंत्रे वर नेण्याचे काम त्यातलेच. परंतु पुढे मोठ्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत ही यंत्रे दीर्घकाळ जमिनीवर उभी राहिली. २५ मार्च २०१९ रोजी चंदीगडलाच पहिली चिनूक हेलिकॉप्टरे दाखल झाली. पुढे ती एकंदर १५ झाली. तीही बाहेरूनच घेतलेली. जे यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही ते आपले बळ नव्हे, ती उसनवारी आहे.

अशा यंत्राचे मर्म त्याच्या गिअरबॉक्समध्ये असते. एमआय-२६ ची इंजिने मिनिटाला हजारो फेरे घेतात, पण डोक्यावरचा पंखा मिनिटाला १३२ फेरेच घेतो. एवढी अश्वशक्ती एका जागी उतरवून, वेग कमी करून, पंख्याच्या दांड्यात घालायची हे दातेरी चाकांचे काम आहे. दात्याच्या घडणीत केसाएवढी चूक झाली तरी ती चालत नाही. धातुशास्त्र, उष्णता देऊन कठीण केलेले पोलाद, अचूक मोजमाप आणि वंगण या विद्यांत ज्या देशाचे कारागीर तयार होतात, त्यांनाच उद्या उडती यारी घडवता येईल. हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही सरकारी कंपनी १३ टन वजनाच्या वर्गातल्या हेलिकॉप्टरची आखणी करीत आहे. त्याचा मार्गही याच दातेरी चाकांमधून जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, लेथवर उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी या कामापासून दूर नाही, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे.

आता राणीसावरगावसारख्या गावातल्या शाळेने या विषयाचे काय करावे? गंगाखेड तालुक्यातले, बालाघाटच्या डोंगररांगांजवळचे हे गाव. रेल्वे गंगाखेडला. हेलिकॉप्टर इथे दिसले तर एखाद्या सभेच्या निमित्ताने किंवा उंचावरून जाताना. तरीही विज्ञानाच्या वर्गाला इथे करण्याजोगे भरपूर आहे.

पहिले काम, गावातल्या जड वस्तूंची यादी करा. ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तकात रिकामे वजन लिहिलेले असते. पाण्याच्या टाकीत किती लिटर पाणी मावते त्यावरून भरलेल्या टाकीचे वजन काढता येते. जनित्र, विहिरीचा पंप, धान्याची पोती, कसलेही ओझे घ्या. प्रत्येकापुढे लिहा, हे आख्खे न्यावे लागते की सुटे होते? सुट्या भागांतला सर्वांत जड भाग किती किलोचा? तो चार माणसांना उचलेल काय?

दुसरे काम, गावाजवळ पूर आला, पूल गेला, रस्ता तुटला असे धरून चला. हेलिकॉप्टर उतरायला कठीण, सपाट, विजेच्या तारा नसलेली जागा कुठे आहे ते पाहा. मोठ्या हेलिकॉप्टरचा वारा ताशी १२० किलोमीटरच्या घरातला असतो हे आपण काढले आहे. त्या वाऱ्यात कुणाच्या घरावरचे पत्रे उडतील, कुठला कडबा उधळेल, हे नकाशावर मांडा. असा नकाशा शाळेने करून ग्रामपंचायतीत लावला तर वेळप्रसंगी तो खरोखर कामाला येईल.

तिसरे काम शिक्षकांसाठी. 'जगातले सर्वांत मोठे हेलिकॉप्टर कोणते?' हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत नेहमी विचारतात. त्याऐवजी विचारावे, 'तीन टनांचे यंत्र रस्ता नसलेल्या वाडीवर न्यायचे आहे. तुमच्याजवळ चार टन उचलणारे हेलिकॉप्टर, वीस माणसे आणि दोर आहे. पाऊस केव्हाही सुरू होईल. काय कराल?' पहिल्या प्रश्नाला पाठांतर लागते. दुसऱ्याला विज्ञान लागते.

मित्रहो, या शहाणपणासाठी आपल्याला दूर जायला नको. मराठवाड्यातली हजारो माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. ऊस तोडला की त्याची मोळी बांधतात. ती केवढी बांधायची हे उसाच्या ढिगावर ठरत नाही, डोक्यावर घेणाऱ्याला ती झेपेल काय यावर ठरते. झेपेल एवढी मोळी बांधली म्हणूनच फड रिकामा होतो आणि गाडी भरते. उडत्या यारीचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही. आपत्तीत वापरायचे प्रत्येक यंत्र, प्रत्येक पूल, प्रत्येक फिरता दवाखाना आखताना अभियंत्याने हाच प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारायची सवय मात्र शाळेतच लागते.